घरचा फोंडंट आणि मॉडेलिंग चॉकलेट: मापं, कृती आणि बिघडलं तर काय

फोंडंट म्हणजे साखरेचा मळलेला गोळा, मॉडेलिंग चॉकलेट म्हणजे चॉकलेट आणि ग्लुकोजचा. दोन्ही मळायचे, लाटायचे आणि केकवर चढवायचे, म्हणून बरेच जण एकाऐवजी दुसरं वापरून बघतात आणि फसतात. फोंडंट बिघडतो तो पाण्यामुळे. ते जास्त झालं, कमी पडलं किंवा हवेतून शिरलं, तरी त्रास ठरलेला. मॉडेलिंग चॉकलेट बिघडतं ते उष्णतेमुळे. वितळवताना, मळताना, नाहीतर केक टेबलावर ठेवल्यावर. समोर गोळा चिकटतोय, फाटतोय किंवा तेल सोडतोय, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा: पाणी की उष्णता? उपाय त्यातूनच निघतो.

सुरुवातीलाच एक आग्रह. वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या. आयसिंग शुगर कपात सैल भरली की दाबून, यात सहज १५-२० ग्रॅमचा फरक पडतो. सहा-सात कपांत तो १०० ग्रॅमच्या पुढे जातो आणि तेवढ्यात मऊ फोंडंटचा भुगा होतो.

फोंडंटमध्ये काय कशासाठी

आयसिंग शुगर हा फोंडंटचा देह. तिला आकार धरायला लावतं ते जिलेटिन. लिक्विड ग्लुकोज, म्हणजे दाट, चिकट साखरेचा पाक, साखरेचे पुन्हा खडे होऊ देत नाही आणि गोळ्याला ताण देतं. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे पृष्ठभाग पटकन सुकत नाही. शॉर्टनिंग, म्हणजे पांढरं, वासरहित, घट्ट वनस्पती तूप, गोळा गुळगुळीत करतं आणि हाताला चिकटू देत नाही. त्याच्या जागी लोणी चालत नाही: त्यात पाणी असतं, रंग पिवळट येतो आणि ते हाताच्या उबेनेच पातळ होतं.

साखर विकतची आयसिंग शुगरच घ्या. घरी मिक्सरमध्ये दळलेली पिठीसाखर कितीही चाळली तरी तिची कणी राहते. गोळा मळताना छान वाटतो, पण तीन मिलिमीटर लाटला की पृष्ठभाग खरखरीत दिसतो आणि काठावर तडे जातात. पर्यायच नसेल तर साखर थोडी थोडी दळा, मलमलच्या कापडातून गाळा आणि दर १०० ग्रॅमला ३ ग्रॅम कॉर्नफ्लोअर मिसळा.

जिलेटिनचा फोंडंट, साधारण १ किलो

- आयसिंग शुगर ७५० ग्रॅम, दोनदा चाळलेली, शिवाय मळायला ५० ते ७५ ग्रॅम वेगळी
- बिनवासाची जिलेटिन पावडर १२ ग्रॅम
- थंड पाणी ५० मिली
- लिक्विड ग्लुकोज १४० ग्रॅम
- ग्लिसरीन १५ ग्रॅम, खाद्य प्रतीचं
- शॉर्टनिंग २० ग्रॅम
- व्हॅनिला किंवा दुसरा इसेन्स १ चमचा, आणि चिमूटभर मीठ

जिलेटिन थंड पाण्यावर भुरभुरा आणि पाच मिनिटं ढवळू नका. एकाच जागी ढीग ओतला तर वरून फुगतो आणि आतली पावडर कोरडी राहते. त्याच गुठळ्या पुढे लाटलेल्या पोळीत पारदर्शक ठिपके होऊन दिसतात. फुगलेलं जिलेटिन गरम पाण्यावर ठेवून विरघळवा. उकळू द्यायचं नाही. उकळलं की त्याची पकड कमी होते. दोन बोटांत थेंब चोळून पाहा, कणी लागली नाही की झालं. आता ग्लुकोज आणि ग्लिसरीन घाला, मिश्रण एकजीव झालं की शॉर्टनिंग घाला. ते जवळजवळ वितळलं की भांडं खाली उतरवा आणि इसेन्स व मीठ घाला. मिश्रण कोमट होऊ द्या. कडकडीत गरम मिश्रण साखरेत गेलं तर गोळा आधी पातळ वाटतो, मग आपण साखर वाढवत जातो, आणि थंड झाल्यावर तो दगड होतो. घरच्या फोंडंटमध्ये सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

मोठ्या परातीत ५०० ग्रॅम साखर घ्या, मध्ये खळगा करा, मिश्रण ओता आणि लाकडी चमच्याने ढवळा. घट्ट लगदा झाला की ओट्यावर घ्या आणि उरलेली २५० ग्रॅम साखर मुठीमुठीने मळत घाला. हाताला शॉर्टनिंगचा पुसट हात असू द्या. सगळी साखर लागेलच असं नाही. दमट हवेत थोडी जास्त लागते, कोरड्या हवेत ३०-४० ग्रॅम उरते. गोळा मऊ पण आकार धरणारा हवा. दोन्ही हातांनी ओढला की आधी ताणला जावा आणि मग तुटावा. ओढताच तटकन तुटला तर साखर जास्त झाली आहे.

याच अवस्थेत लाटायची घाई करू नका. गोळ्याला शॉर्टनिंगचा हात लावा, क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, डब्यात घाला आणि बाहेरच, खोलीच्या तापमानाला, रात्रभर ठेवा. या वेळात साखरेचे कण ओलावा सारखा वाटून घेतात आणि जिलेटिन पुरतं बसतं. दुसऱ्या दिवशी गोळा कडक वाटेल, पण घाबरायचं कारण नाही. लहान तुकडे करून मळा, किंवा मायक्रोवेव्हमध्ये पाच-पाच सेकंद गरम करून मळा, पूर्ववत मऊ होतो.

मार्शमेलो आणि अगार

मार्शमेलोचा फोंडंट चवीला उजवा आणि करायला सोपा. ४५० ग्रॅम साधे पांढरे मार्शमेलो आणि ३० मिली पाणी मायक्रोवेव्हमध्ये ३०-३० सेकंद देत, दरवेळी ढवळत वितळवा. त्यात ७५० ग्रॅम आयसिंग शुगर मळा, लागली तर आणखी १०० ग्रॅम. भांड्याला, चमच्याला, हाताला, ओट्याला, सगळ्याला आधी शॉर्टनिंग चोपडा, नाहीतर अर्धा फोंडंट धुण्यात जाईल. केक झाकायला हा उत्तम, पण बारीक फुलं-पाकळ्यांसाठी फार लवचिक आहे, कापलेली कड पुन्हा आखडते.

जिलेटिन प्राणिजन्य असतं, आणि बहुतेक मार्शमेलोतही तेच असतं. शाकाहारी फोंडंट हवा असेल तर ६ ग्रॅम अगार (समुद्री शेवाळापासूनची, जिलेटिनसारखी गोठवणारी) पावडर ८० मिली पाण्यात घालून दोन मिनिटं चांगली उकळा. अगार जिलेटिनसारखं नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही, उकळावंच लागतं. मग वरच्या मापाचं ग्लुकोज, ग्लिसरीन आणि शॉर्टनिंग घाला. साखरेत आधीच ७ ग्रॅम सीएमसी किंवा टायलोज (घट्टपणा देणारा खाद्य डिंक) पावडर मिसळून ठेवा, कारण एकट्या अगारची पकड ठिसूळ असते, ताण येतो तो या पावडरीमुळे. मिश्रण ४० अंशांच्या आसपास गोठायला लागतं, म्हणून इथे कोमट होण्याची वाट बघायची नाही, लगेच साखरेत ओतायचं. जिलेटिनच्या फोंडंटइतका तो ताणला जात नाही. तेव्हा पोळी नेहमीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड ठेवा आणि उंच केक टाळा.

मॉडेलिंग चॉकलेट

चॉकलेट वितळवताना पाण्याचा थेंब पडला की ते आवळून घट्ट होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. मॉडेलिंग चॉकलेट म्हणजे हाच बिघाड मुद्दाम, मोजून घडवलेला. ग्लुकोजमधल्या पाण्याने साखरेचे आणि कोकोचे कण एकमेकांना धरतात, कोको बटर (कोकोची चरबी) त्यांच्यामध्ये पुन्हा घट्ट होतं, आणि मळता येईल असा गोळा तयार होतो. म्हणूनच कोकोचे कण जास्त असतील तिथे ग्लुकोजही जास्त लागतं. ४०० ग्रॅम चॉकलेटसाठी माप असं:

- डार्क, ५० ते ६० टक्के कोकोचं: लिक्विड ग्लुकोज १८० ते २०० ग्रॅम
- मिल्क: १३० ते १४० ग्रॅम
- व्हाइट: १०० ग्रॅम
- कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असलेलं), कुठल्याही रंगाचं: १०० ते ११० ग्रॅम

ग्लुकोज फार दाट असेल, चमच्याने उचलताना तार तुटतच नसेल, तर दर १०० ग्रॅमला १ चमचा (५ मिली) पाणी घालून सारखं करा. मापाच्या सूक्ष्म फरकाने पोत बदलतो, तेव्हा चॉकलेट बदललं की पहिल्यांदा १०० ग्रॅमचा छोटा घाणा करून पाहणं शहाणपणाचं.

चॉकलेट बारीक चिरा. डबल बॉयलरवर (गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या भांड्यात) किंवा मायक्रोवेव्हच्या अर्ध्या पॉवरवर वितळवा. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबा आणि ढवळून उरलेले विरघळू द्या. डार्क ४५ अंशांपुढे नको, मिल्क आणि व्हाइट ४० पुरे. मग ते ३३ ते ३५ अंशांपर्यंत उतरू द्या. ओठाला लावलं तर गरमही नाही, थंडही नाही असं लागतं. ग्लुकोजही तेवढंच कोमट करा. दोघांचं तापमान सारखं असणं ही इथली सगळ्यात मोठी गोष्ट. थंड ग्लुकोज घातलं तर चॉकलेट जागच्या जागी गोठून खडे होतात. गरम घातलं तर कोको बटर सुटतं.

ग्लुकोज एकदम ओता आणि रबरी स्पॅच्युलाने तळापासून वर, सावकाश दुमडा. पहिले आठ-दहा हात काहीच घडत नाही. मग मिश्रण अचानक जड होतं, चकाकी जाते, कडा भांड्यापासून सुटतात आणि मध्ये मऊ गोळा जमतो. इथे थांबायचं. साधारण वीस ते तीस हातांत हे होतं. ‘अजून थोडं एकजीव करू’ म्हणून घोटत राहिलात की पृष्ठभागावर पिवळसर तेल झिरपायला लागतं.

तेल सुटलंच तर टाकून देऊ नका. ते ओतूनही देऊ नका, कारण तेच कोको बटर गोळ्याला घट्टपणा देणार आहे. सगळं तसंच क्लिंग फिल्मवर पसरवा, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या आणि तेल लोण्याइतकं घट्ट झालं की पुन्हा मळा. बहुतेक वेळा सगळं आत जातं.

गोळा सेंटिमीटरभर जाडीचा चपटा करा, गुंडाळा आणि बाहेरच किमान सहा तास, जमलं तर रात्रभर ठेवा. चपटा अशासाठी की जाड गोळा बाहेरून कडक आणि आतून मऊ राहतो, आणि मळताना त्यात खडे होतात. दुसऱ्या दिवशी तो फरशीसारखा कडक असेल. तुकडे तोडा, तळव्याखाली एक-एक दाबून मऊ करा आणि मग एकत्र मळा. हाताला बारीक खडे लागले तर ते गोठलेल्या कोको बटरचे असतात. बोटांत चिरडले तर नाहीसे होतात. फारच असतील तर गोळा पाच सेकंद गरम करून पुन्हा मळा. भुगा होत असेल तर अर्धा-अर्धा चमचा कोमट ग्लुकोज द्या. फार मऊ असेल तर आधी विश्रांती द्या, लगेच कॉर्नफ्लोअर ओतू नका. बहुतेक वेळा मऊपणा उबेचा असतो, मापाचा नसतो.

ज्यांचे तळवे गरम असतात त्यांना हे काम जड जातं. हात थंड पाण्याखाली धरा, कोरडे पुसा आणि गोळा दोन भागांत वाटून आळीपाळीने वापरा, म्हणजे एक विसावत असताना दुसऱ्यावर काम होतं. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास पातळ होतं, त्यामुळे खोली २६-२७ अंशांवर गेली की बारीक काम मऊ पडायला लागतं.

केक झाकण्याआधी

फोंडंट खालचा खड्डा लपवत नाही, उलट उठून दाखवतो. भरलेला केक गुंडाळून, वर हलकी ताटली ठेवून काही तास बसू द्या. न बसलेल्या केकमधली हवा आणि सारण फोंडंटखाली दाबलं जातं आणि कमरेपाशी फुगवटा येतो. तो झाल्यावर दुरुस्त होत नाही.

वरचा थर बटरक्रीमचा (लोणी आणि आयसिंग शुगर फेटून केलेला) किंवा गनाशचा (चॉकलेट आणि क्रीमचा) हवा. व्हिप्ड क्रीमवर फोंडंट चढवू नका: क्रीममधलं पाणी साखर ओढून घेते आणि काही तासांत फोंडंट ओघळतो. गनाशसाठी वजनाने डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग. व्हाइट असेल तर तीनास एक, उकाड्यात साडेतीनास एक. गनाशचे काठ टोकदार येतात आणि तो बाहेरही घट्ट राहतो, म्हणून फोंडंटखाली तोच बरा. आधी चुरा धरून ठेवणारा पातळ हात, तो बसला की जाड हात, आणि गनाश रात्रभर बाहेर घट्ट. बटरक्रीमचा केक मात्र झाकण्याआधी वीस-तीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, त्याहून जास्त नको. अतिथंड केकवर फोंडंट आतून ओला होतो.

किती फोंडंट लागेल? पोळीचा व्यास म्हणजे केकचा व्यास, दोन वेळा उंची आणि वर ५ सेंमी. केक २० सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच असेल तर पोळी ४५ सेंमीची. साडेतीन मिलिमीटर जाडीला त्यासाठी सुमारे ८०० ग्रॅम, १५ सेंमीच्या केकला ६५० ग्रॅम, २५ सेंमीच्या केकला १ किलो. कड कापून उरतं, पण कमी पडलेल्या फोंडंटला जोड देता येत नाही, म्हणून १०० ग्रॅम हाताशी जास्त ठेवा.

लाटणं आणि पांघरणं

फोंडंट मळताना पृष्ठभागावर घडी राहिली नाही ना बघा; घडी असलेली बाजू खाली. दमट हवेत ओट्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरा, कोरड्या हवेत शॉर्टनिंगचा पुसट हात द्या. दोन्ही एकत्र केलं तर त्याचा लगदा होतो. मधून बाहेर लाटा, दर तीन-चार हातांनी पोळी थोडी फिरवा. ती पालथी घालायची नाही. दोन बाजूंना साडेतीन-चार मिलिमीटरच्या पट्ट्या ठेवून त्यावरून लाटणं फिरवलं की जाडी सारखी येते. हवेचा फुगा दिसला तर बारीक टाचणी तिरकी टोचा आणि हवा बाहेर दाबा, आणि टाचण्या मोजूनच काम करा, एकही केकमध्ये राहता कामा नये.

गनाशवर पाण्याचा किंवा साखरेच्या पाकाचा अगदी पुसट हात फिरवा. थेंब राहिले तर फोंडंट घसरतो. पोळी लाटण्यावर सैल गुंडाळून केकवर सोडा. आधी माथा सपाट करा, मग लगेच वरची कड तळव्याने गोल दाबून घ्या, कारण फोंडंट फाटतो तो तिथेच, लटकत्या भाराने. कड बसली की खालच्या झालरीकडे वळा. इथे हात खाली ओढतो आणि चुण्या पडतात. झालर एका हाताने बाहेर, स्वतःकडे उघडा, चुणी मोकळी होऊ द्या, आणि दुसऱ्या हाताने वरून खाली दोन बोटं रुंद पट्टा चिकटवा. मग केक थोडा फिरवा, पुढची चुणी. अशी एक फेरी पूर्ण झाल्यावरच आणखी खाली उतरा. एका बाजूने तळापर्यंत गेलात तर सगळ्या चुण्या शेवटच्या जागी गोळा होतात. शेवटी स्मूदर (गुळगुळीत करायची सपाट पट्टी) फिरवा आणि तळाची कड कापा.

पृष्ठभागावर सुरकुत्यांचं जाळं दिसलं तर तो भाग सुकला आहे. केकवर असेल तर बोटावर शॉर्टनिंग घेऊन गोल चोळा. अजून लाटायचा असेल तर थोडं शॉर्टनिंग आणि दोन-चार थेंब ग्लिसरीन घालून पुन्हा मळा. ग्लिसरीनचा हात सैल सोडू नका, जास्त झालं की फोंडंट कायमचा चिकट राहतो.

कुठे काय वापरायचं

मॉडेलिंग चॉकलेट ताणलं जात नाही, म्हणून अख्खी पोळी पांघरण्याच्या फंदात पडू नका. माथ्यासाठी एक चकती आणि बाजूसाठी एक पट्टा कापा. त्याचा मोठा फायदा जोडात दिसतो: जोडावर बोट आठ-दहा वेळा फिरवा, उबेने दोन्ही कडा विरघळून एक होतात आणि सांधा नाहीसा होतो. फोंडंटमध्ये हे शक्य नाही. त्यामुळे चेहरे, कपड्यांच्या घड्या, झाडाची साल, कोरीव पोत हे सगळं चॉकलेटमध्येच करावं. ते सुकून कडक होत नाही, म्हणून कामाला वेळ मिळतो, पण उभ्या आकृतीला आतून खाद्यपदार्थांसाठी सुरक्षित काडी हवीच.

स्वतःच्या बळावर उभं राहणारं काही, म्हणजे बो (रिबिनीची गाठ), पाटी किंवा पाकळी हवी असेल तर फोंडंट घ्या आणि २५० ग्रॅमला १ चमचा (सुमारे ३ ग्रॅम) सीएमसी किंवा टायलोज मळा. अर्धा तास झाकून ठेवा आणि मगच घडवा. पातळ वस्तू एक-दोन दिवसांत वाळतात, जाड वस्तूंना आठवडाही लागतो. फ्रीजमध्ये त्या वाळत नाहीत, उलट ओल धरतात.

दोन्ही निम्मे-निम्मे मळून केलेलं मिश्रण मात्र फारच कामाचं: चव चॉकलेटची, ताण फोंडंटचा, आणि वरची कड फाटण्याची भीती कमी.

रंग

फोंडंटला जेल रंग, टूथपिकने थोडा थोडा. पाण्यासारखे पातळ रंग गोळा चिकट करतात. रंग रात्रभरात गडद होतो, म्हणून हव्या छटेच्या अलीकडे थांबा. गडद लाल आणि काळा पांढऱ्या गोळ्यातून काढायला गेलात तर इतकं जेल लागतं की फोंडंट मऊ होतो आणि जीभ कडवट होते. काळ्यासाठी आधी कोको पावडर मळून तपकिरी करा, सोबत थोडं शॉर्टनिंग द्या कारण कोको ओलावा शोषते, आणि मग काळा रंग घाला. चॉकलेटमध्ये तेलावर आधारलेले रंग वितळलेल्या व्हाइट चॉकलेटमध्ये, ग्लुकोज घालण्याआधी मिसळा. तयार गोळ्यात जेलचा थोडा रंग मळला तर चालतो. गुलाबी आणि जांभळा उजेडात फिके पडतात, तेव्हा सजवलेला केक खिडकीपासून लांब ठेवा.

साठवण

फोंडंट शॉर्टनिंगचा हात लावून, दुहेरी गुंडाळून, हवाबंद डब्यात बाहेर महिनाभर सहज राहतो. मॉडेलिंग चॉकलेट थंड, कोरड्या जागी काही महिने. दोघांनाही फ्रीज नको आणि कुठल्याही मसाल्याशेजारी जागा नको, कारण दोघेही वास धरतात.

केकच्या आत ताजी फळं, क्रीम किंवा कस्टर्ड असेल तर मात्र फ्रीजला पर्याय नाही. अशा वेळी केक पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला आणि खोकं क्लिंग फिल्मने बंद करून ठेवा. बाहेर काढल्यावर खोकं दोन-तीन तास उघडू नका, म्हणजे हवेतलं दव खोक्यावर जमतं, फोंडंटवर नाही. तरीही घाम आलाच तर बोट लावू नका, पुसू नका. पंख्याचा वारा लांबून लागू द्या, तासाभरात सुकतो. पुसलेल्या जागी मात्र चकाकणारा डाग राहतोच.